पार्ट नावानं मिळत नाही

सॅन स्टॉर्म हे नाव तुम्हाला गुगल करावं लागेल. हरकत नाही, मलाही करावं लागलं होतं. नव्वदचं दशक संपता संपता भारतात एक दोन सीटांची, छप्पर निघणारी छोटी स्पोर्ट्स कार आली होती. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. गोव्यात बनायची. आज एवढी ताकद साध्या हॅचबॅकलाही असते, त्यामुळे ‘स्पोर्ट्स’ या शब्दावर हसायचं असेल तर हसून घ्या. पण इतक्या खाली बसून सकाळी पवनारच्या रस्त्याला साठनं निघालात, तर शंभरनं चाललोय असं वाटतं. आणि चलान येत नाही.

ही गाडी बनणं केव्हाच थांबलं. शोरूम नाही, सर्व्हिस सेंटर नाही. वर्ध्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ‘स्टॉर्मचं अल्टरनेटर बेअरिंग द्या’ म्हटलं, तर काउंटरवरचे काका ‘कायचं?’ म्हणून विचारतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. पार्ट नावानं मागायचाच नसतो, मापानं मागायचा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६३०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. जगात कुठेही, कुठल्याही कंपनीचं घ्या, माप तेच. मला ते मोटर रिवायंडिंगच्या दुकानात मिळालं. तिथे विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी घेऊन शेतकरी बसले होते. दुकानदारानं गाडी कोणती हे विचारलंसुद्धा नाही.

ऑइल सीलचंही तसंच, तीन आकडे सांगायचे. कूलंटचा पाइप मात्र आकड्यांत मावत नाही, त्याला वळण असतं. जुना पाइप पिशवीत घालून न्यायचा आणि भिंतीवर टांगलेल्या पाइपांशी जुळवत उभं राहायचं. इंजिनच्या आतलं काही हवं असेल तर नशीब बरं आहे. हेच डी७एफ इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोला होतं. त्यामुळे टायमिंग बेल्ट त्या गाड्यांच्या नावानं मागवता येतो. आपल्या गाडीचं मूळ आडनाव वेगळंच आहे हे कळल्यावर बरीच दारं उघडतात.

बॉडीला गंज लागत नाही, पण तडे जातात. स्पीडब्रेकर तिरकी घेतली तरी एखादी खालून घासतेच. वर्ध्यात बोटी नाहीत, म्हणून फायबरवाले नाहीत असं मला वाटायचं. पण फायबरचे पुतळे करणारे मूर्तिकार आहेत. मॅट, रेझिन, हार्डनर हे सगळं मी एका मूर्तिकाराकडे शिकलो. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, ‘मे महिन्यात हात लावायचा नाही.’ पंचेचाळीस डिग्रीत रेझिन ब्रश फिरवेपर्यंत डब्यातच घट्ट होतं. तेव्हा बॉडीचं काम डिसेंबरात, आणि उन्हाळ्यात गाडी पहाटे साडेपाचला काढायची, सातच्या आत घरी. तापमानाचा काटा वर चढताना बघत सिग्नलला थांबण्याइतकं वाईट काही नाही.

डिक्कीत बाटल्या असतातच: ब्रेक फ्लुइड, कूलंट, पातळ केलेलं रेझिन. आमचा जिल्हा दारूबंदीचा, आणि तेव्हा पाटी जीएचीच होती. नाक्यावरच्या हवालदारानं एकेक झाकण उघडून वास घेतला. रेझिनच्या वासानं त्याला ठसका लागला, आणि मग त्यानंच सेल्फी काढली. आता पाटी एमएच-३२ आहे.

बाबांना हे सगळं अजून थट्टेचंच वाटतं. जमनालालजींनी म्हणे घरच्या फोर्डला बैल जुंपले होते आणि तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणायचे. ही गोष्ट वर्ध्यात सगळ्यांनी ऐकलेली. मी बॉनेट उघडलं की ते ओट्यावरून विचारतात, ‘बंद पडली त सांगजो बे, बैल पाहून ठेवतो.’ पण रविवारी दुसऱ्या सीटवर तेच असतात, कानटोपी घालून. आई म्हणते, तिसरी सीट नाही ते बरं आहे.

मापानं न मिळणारी एकच गोष्ट आहे: पुढची काच. सपाट काच कुणीही कापून देईल. गोलाईच्या काचेला साचा लागतो, आणि एका काचेसाठी साचा कोण करणार? म्हणून गिट्टीचा टिप्पर पुढे दिसला की मी थांबतो, रस्त्याच्या कडेला गाडी लावून पाच मिनिटं जाऊ देतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. तरी दिवाळीनंतर सेलूजवळ समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडालाच. तुरीच्या डाळीएवढा टवका, खालच्या कोपऱ्यात. मी त्यात काचेचं रेझिन भरलं. पण त्यातून एक रेघ निघाली आहे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की रेघ पळते, म्हणून बाबांना दुपारी गाडी धुवायला बंदी आहे.

नोंदणीचं नूतनीकरण जूनमध्ये आहे, त्याआधी फिटनेस. रेघेच्या दोन्ही टोकांना मी मार्करनं खुणा केल्या आहेत आणि रोज सकाळी पट्टी लावून मोजतो. मार्चच्या सुरुवातीला ११ मिलिमीटर होती. आज साडेअकरा.