आठ खणांचे घर

साताऱ्यातील आमच्या दादाजानच्या घराला मागच्या वर्षी गिऱ्हाईक आले. त्याने जागेचा भाव सांगितला, सागवानाचा घनफुटावर वेगळा सांगितला आणि वर सल्ला दिला, "अब्बांची सही झाली की काम संपले. बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घ्या."

आम्ही भाऊ सांगलीत नोकरी करतो. दुरुस्तीसाठी सारखे साताऱ्याला जाणे होत नाही, म्हणून घर विकावे असेच आम्हाला वाटत होते. तरी होकार देण्याआधी एका जुन्या सुताराला घर दाखवले.

त्याने भिंतींकडे पाहिलेच नाही. अशा घरात भार भिंतीवर नसतो, लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीची भुई. खांबाच्या डोक्याला कुसू काढून तो तुळईच्या भोकात बसवतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. पूर्वी घर खणांवरच मोजत. आमचे घर आठ खणांचे. साताऱ्याकडे पाऊस जास्त म्हणून वर कौले. जत-आटपाडीकडे पाऊस कमी म्हणून माळवद. आतला सांगाडा मात्र दोन्हीकडे लाकडाचाच.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मागची भिंत ढासळली, पण वरचा मजला जागेवर राहिला, असे थोरल्या फुफी सांगतात. सांधे लाकडाचे असल्याने हादऱ्यात घर थोडे हलते, पण एकदम तुटत नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा अठराव्या शतकापासून उभा आहे. इंग्लंडच्या खेड्यांतही ओकचा सांगाडा आणि मध्ये कुडाची भिंत अशी घरे चारशे-पाचशे वर्षे टिकून आहेत. तिथे अशी नोंदलेली जुनी घरे परवानगीशिवाय पाडता येत नाहीत.

आमच्या घरात न्हाणीजवळच्या दोन खांबांचे पाय ओलीने कुजले होते. "तेवढेच कापून नवे लाकूड जोडू. बाकी घराला काही झालेले नाही," सुतार म्हणाला.

लाकडाचा प्रश्न सुटला, हिश्श्याचा राहिला. दादाजानच्या मागे अब्बा आणि दोन फुफी. शरीअतप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे आठ खणांपैकी चार अब्बांचे आणि दोन-दोन फुफींचे. हिशेब चौथीच्या मुलालाही जमेल, पण इतक्या वर्षांत तो कुणी मांडला नव्हता. अब्बांनी दोघींना बोलावले. धाकट्या फुफी म्हणाल्या, "भाईजान, मी तसेच लिहून देते." अब्बा म्हणाले, "तू मागितले नाहीस, म्हणून तुझा हक्क जात नाही."

धाकट्या फुफींचे दोन खण अब्बांनी बाजारभावाने रीतसर खरेदीखत करून घेतले. पैसे उभे करताना आम्हाला सोसायटीचे कर्ज काढावे लागले. थोरल्या फुफींनी आपले दोन खण ठेवून घेतले. त्यांचे नाव आता घराच्या उताऱ्यावर आहे. गिऱ्हाईक परत गेले.

प्रत्येकाला जुने घर ठेवणे जमेलच असे नाही. विकावे लागले तर जरूर विकावे. पण लाकूड घनफुटावर मोजण्याआधी बहिणींचे खण मोजावेत. साडी-चोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेणे म्हणजे वाटणी नव्हे.