पुरुषाचा वाटा

दिल्लीत मुनिरकाला, बाबा गंगनाथ या साधूच्या नावाच्या रस्त्यावर, राष्ट्रीय आरोग्य आणि कुटुंब कल्याण संस्था आहे. तिची स्थापना 9 मार्च 1977 ची, म्हणजे आणीबाणी उठायला जेमतेम दोन आठवडे उरले होते तेव्हाची. त्याआधीच्या वर्षभरात देशात 80 लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. आज याच मुनिरका गावाच्या अरुंद गल्ल्यांत, एकावर एक चढवलेल्या भाड्याच्या खोल्यांत, देशभरातून आलेली तरुण मुलं-मुली राहतात. काही लग्नाशिवाय एकत्र राहतात. संततिनियमनाबद्दल धर्माचं म्हणणं काय, हा प्रश्न इथे जुना झालेला नाही. पण तो नेहमी बाईच्या पोटाभोवतीच फिरतो. पुरुषाने काय करावं, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरा नैतिक प्रश्न तोच आहे.

र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवताना अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. कर्व्यांसाठी मुद्दा लोकसंख्येपुरता नव्हता. बाईचं शरीर, तिचं आरोग्य आणि तिचं सुखही त्यात होतं. विरोधकांत गांधीजी होते. डिसेंबर 1935 मध्ये संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तेव्हाही त्यांनी साधनांना नकार देऊन संयमाचाच आग्रह धरला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर याच विचाराच्या. म्हणून पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या लोदी कॉलनीत जो प्रयोग झाला, तो 'सुरक्षित दिवसां'चा. बायकांना मण्यांच्या माळा दिल्या: हिरवे मणी निर्धोक दिवसांचे, लाल धोक्याचे. संयम दोघांनी पाळायचा होता; मण्यांचा हिशेब मात्र बाईने ठेवायचा होता. प्रयोग फसला, पण ती वाटणी तशीच राहिली.

धर्म या बाबतीत कधीच एका सुरात बोललेले नाहीत. 1930 मध्ये अँग्लिकन बिशपांनी साधनांना मर्यादित मान्यता दिली आणि त्याच वर्षाअखेरीस पोपनी त्यांचा निषेध केला. 1968 मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो निषेध कायम ठेवला. इस्लामी परंपरेत अल-गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी 'अझ्ल'ला, म्हणजे वीर्य बाहेर सोडण्याला, मुभा दिली होती. आपल्याकडे पितृऋण फेडायला पुत्र हवा, म्हणून मुलगा होईपर्यंत बाळंतपणं होत राहिली. भाविकांनी मात्र आपापला निर्णय केव्हाच घेतला आहे. 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी 4.4 मुलं होती, 2019-21 मध्ये 2.4; हिंदूंमध्ये हा आकडा 3.3 वरून 1.9 वर आला. बिहारचा जननदर 3.0, जम्मू-काश्मीरचा 1.4. धर्मापेक्षा मुलींचं शिक्षण आणि दवाखान्याची सोय इथे जास्त बोलते. तरीही डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात सरसंघचालकांनी लोकसंख्या घटण्याची चिंता व्यक्त करून दोनपेक्षा अधिक, तीन मुलांचा आग्रह धरला. ते तिसरं मूल जी नऊ महिने वाढवणार, तिला आधी विचारायला हवं.

साधनांमुळे स्वैराचार वाढतो, हा आक्षेप कर्व्यांच्या काळापासूनचा. त्याचं एक रूप मला गंभीर वाटतं: गर्भाची भीती गेली की पुरुष बेजबाबदार होतो. हे अगदीच खोटं नाही. 2019-21 च्या सर्वेक्षणात 37.9 टक्के विवाहित स्त्रियांनी ऑपरेशन केलेलं होतं. पुरुष नसबंदी 0.3 टक्के. संततिनियमन हे बायकांचं काम, असं 35 टक्के पुरुषांनी सांगितलं. वास्तविक स्त्रीच्या ऑपरेशनला पोटात शिरावं लागतं. पुरुषाचं बिनटाक्याचं ऑपरेशन काही मिनिटांत होतं, तो त्याच दिवशी घरी जातो. आणीबाणीतल्या जबरदस्तीने पुरुष बिथरले, असं म्हणतात. ती जबरदस्ती गुन्हाच होती. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या अन्यायाची भरपाई आजच्या बायकांनी का करावी? म्हणजे आक्षेपातलं दुखणं खरं आहे, औषध चुकीचं आहे. साधनं काढून घेतली तर भार पुन्हा तिच्यावरच येतो.

लग्नाशिवायच्या संबंधांचं काय, हा पुढचा प्रश्न. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा समान हक्क दिला. धर्माने अशा संबंधांना मान्यता द्यावी, असा माझा हट्ट नाही. पण मेडिकलच्या काउंटरवर 72 तासांची गोळी मागायला मुलगी एकटीच उभी राहत असेल, तर शीलाची शिकवण द्यायची कुणाला, हे उघड आहे.

गाडगेबाबांनी कीर्तनात कर्ज, दारू, पशुबळी यांवर सुनावलं आणि लोकांनी ऐकलं. नसबंदीने अंगातली ताकद जाते, हा गैरसमज सरकारी पोस्टरने जात नाही. सप्ताहाच्या मांडवातून, शुक्रवारच्या खुतब्यातून, चर्चच्या प्रवचनातून तो जाऊ शकतो. कीर्तनकारांनो, मौलानांनो, पाद्रीबाबांनो, एकदा तरी समोर बसलेल्या पुरुषांना याबद्दल स्पष्ट सांगा.