भोंगा वय विचारत नाही

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये या गावानं ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत अभ्यास, वाचन, नाहीतर घरच्यांशी गप्पा. कोरोनात शाळा मोबाइलवर गेली होती. नंतर शाळा वर्गात परतली, पोरं मात्र मोबाइलमध्येच राहिली, म्हणून हा उपाय. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत होते.

मला यातली एक गोष्ट भारी आवडली. हा भोंगा वय विचारत नाही. पोराचा गेम बंद, तशी आईची मालिका बंद आणि बाबांचं व्हॉट्सॲपही बंद!

बाकी सगळं इंटरनेट वय विचारतं, आणि आपण सांगू ते खरं मानतं. कोल्हापुरात राहणारा माझा भाचा अकरा वर्षांचा आहे, पण एका ॲपवर त्याचा जन्म १९९० सालचा. म्हणजे कागदोपत्री तो माझ्यापेक्षा मोठा. "मामा, खरं साल टाकलं की आत घेत नाही," हे त्याचं स्पष्टीकरण. जन्मतारखेचा रकाना म्हणजे आपण सांगू ते नाव वहीत लिहून घेणारा सोसायटीचा वॉचमन.

म्हणून आता मोठे कायदे आलेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही, आणि दंड होतो तो कंपनीला, मुलाला किंवा पालकांना नाही. जानेवारी २०२६ मध्ये गोवा सरकारनंही अशा बंदीचा विचार करत असल्याचं सांगितलं. आपल्याकडचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांवर पाळत नको, त्यांना हेरून दाखवलेल्या जाहिराती नकोत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड.

हे हवंच. भोंग्याची धाव दीड तासाची. उरलेल्या वेळात ॲप मुलाला काय दाखवतं, कोण अनोळखी माणूस त्याच्याशी गोड बोलतो, हे ग्रामपंचायतीच्या हातात नाही.

पण 'पालकांची संमती' प्रत्यक्षात येणार कशी? बहुतेक एखाद्या ओटीपीनं. आणि ज्या घरात आईच्या फोनवरचा ओटीपी पोरगाच वाचून दाखवतो, तिथं संमती कोण देणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही!

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, तेव्हा कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने मिळाले. तेवढेच आपल्यालाही मिळालेत असं समजू या. आईबाबांना फोन घेऊन देतो, तसं आलेला ओटीपी कशाचा आहे हे वाचायलाही आपणच शिकवायला हवं. ते काम कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.