अंतर

मराठीतील 'अंतर' हा शब्द मला लहानपणापासून मोठा विलक्षण वाटत आला आहे. सांगलीहून सातारा किती दूर, हे विचारताना आपण अंतर विचारतो. दोन मित्रांचे बिनसले, तर त्यांच्यात अंतर पडले असे म्हणतो. आश्रयाला आलेल्यास अंतर देऊ नये, ही तर वडीलधाऱ्यांची शिकवणच असते. संतांच्या वाणीत हाच शब्द अंत:करणाचा वाचक होतो. बाहेर मोजायचे तेही अंतर आणि आत जाणायचे तेही अंतरच! पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवताना या शब्दाचे हे सारे अर्थ मी मुलांपुढे मांडले. परंतु अवघ्या एका मिलिमीटरच्या अंतरात केवढा अर्थ सामावलेला असतो, याचा प्रत्यय मला निवृत्तीनंतर आला, आणि तोही आकाशाकडे पाहताना.

माझे बालपण साताऱ्यास गेले आणि नोकरी सांगलीस झाली. ताऱ्यांची ओढ मात्र दोन्हीकडे सारखीच सोबतीला होती. निवृत्त झाल्यावर मी एक लहानशी दुर्बीण घेतली आणि तिला कॅमेरा जोडून आकाशाची छायाचित्रे काढू लागलो. या उद्योगात माझी जोडीदार म्हणजे इयत्ता आठवीत शिकणारी माझी नात. डोळ्यांनी तारा पाहणे निराळे आणि त्याचे छायाचित्र घेणे निराळे. डोळा क्षणाचा प्रकाश क्षणातच सोडून देतो. कॅमेरा मात्र मिनिटभर थेंब थेंब प्रकाश साठवीत राहतो. म्हणूनच जे अंधूक तेज डोळ्यांना कधीच दिसत नाही, ते छायाचित्रात उमटते. पण ही देणगी मिळवायची, तर एका अटीचे काटेकोर पालन करावे लागते. ती अट आहे अंतराची.

दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला असलेले मुख्य भिंग ताऱ्यांची प्रतिमा तयार करते. गंमत अशी, की ही प्रतिमा पाटीसारखी सपाट नसते. ती वाटीसारखी किंचित वक्र असते. कॅमेऱ्यातील संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारी चौकट, मात्र पूर्णपणे सपाट असते. वाटीवर पाटी ठेवली, तर ती सर्वत्र टेकेल कशी? मधले तारे टिंबासारखे रेखीव येतात आणि कोपऱ्यांतले विस्कटतात. यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यापुढे आणखी एक भिंग बसवतात. ते वक्र प्रतिमेला सपाट करते. मात्र हे भिंग मोठे मानी असते. संवेदक त्याच्यापासून ठरावीक अंतरावर असेल, तरच ते आपले काम चोख बजावते. आमच्या भिंगाचे अंतर होते 55 मिलिमीटर. कॅमेऱ्याच्या पुढच्या कड्यापासून आतील संवेदकापर्यंत 44 मिलिमीटर आणि कॅमेरा जोडण्याची कडी 11 मिलिमीटर; बेरीज बरोबर 55.

दुर्बिणीला एक चाकी असते. ती फिरवली की प्रतिमा स्पष्ट होते, हे खरे. पण त्या चाकीने भिंग आणि कॅमेरा ही जोडगोळी एकत्रच मागेपुढे सरकते. दोघांमधील अंतर त्यामुळे तसूभरही बदलत नाही. ते बदलण्यास मध्ये कडी घालावी किंवा काढावीच लागते.

2024 सालच्या ऑक्टोबरात एक दुर्मिळ पाहुणा आकाशात येणार होता. त्याचे नाव त्सुचिन्शान-अ‍ॅटलास. 2023 मध्ये शोध लागलेला हा धूमकेतू 27 सप्टेंबर 2024 रोजी सूर्याच्या सर्वांत निकट पोहोचला आणि 12 ऑक्टोबरला पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरांवर आला. त्यानंतर काही दिवस सूर्यास्तानंतर पश्चिमेस त्याचे दर्शन होणार होते. पुढे तो जो जाणार, तो आज हयात असलेल्या कोणालाही पुन्हा दिसणार नव्हता. धूमकेतूची शेपटी लांबलचक. ती छायाचित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरणार. तेव्हा मधले तेवढे चांगले येऊन भागणार नव्हते. कोपरेही निर्दोष हवे होते.

ऑक्टोबरच्या आरंभी आम्ही सांगलीच्या घराच्या गच्चीवर तालीम सुरू केली. डोक्यावर हंस तारकासमूह होता. त्यात ताऱ्यांची इतकी दाटी, की परीक्षा घ्यावी तर तेथेच. छायाचित्र पाहिले आणि आम्ही दोघेही गप्प झालो. मधले तारे मोत्यांच्या दाण्यांसारखे होते. कोपऱ्यांतले मात्र लांबट. बैलगाडीच्या चाकाचे आरे जसे मध्यापासून बाहेर धावतात, तसे ते तारे ओढल्यासारखे दिसत होते. जाणकार सांगतात, की तारे आऱ्यांसारखे ताणले गेले, तर संवेदक भिंगाच्या फार जवळ आहे असे समजावे. आणि चाकाच्या धावेसारखे गोलाईत वळले, तर तो फार दूर आहे असे समजावे. आम्ही पुन्हा मोजले. अंतर 55 मिलिमीटरच भरले. मग हे कमी कसे?

दोन दिवस हे कोडे सुटले नाही. तिसऱ्या दिवशी नात शाळेतून आली ती धावतच. तिने पितळी वाटीत एक नाणे ठेवले आणि वाटीच्या काठाआड ते दिसेनासे होईल अशा जागी मला बसवले. मग तिने हळूहळू पाणी ओतले. नाणे जागचे हलले नव्हते, तरी ते वर आल्यासारखे मला दिसू लागले!

ती म्हणाली, "आजोबा, पाण्याने नाण्याची जागा बदलल्यासारखी दिसते. मग आपण कॅमेऱ्यापुढे जी काच लावली आहे, तिनेही तसेच होत नसेल का?"

खरेच, डोळ्यांना न दिसणारा पण कॅमेऱ्याला जाणवणारा अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी आम्ही भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये 3 मिलिमीटर जाडीची एक काच बसवली होती. माझ्या एका विज्ञानशिक्षक मित्राने नातीच्या तर्काला दुजोरा दिला. काचेत शिरताना आणि बाहेर पडताना किरण वळतात, त्यामुळे त्यांचे एकत्र येण्याचे ठिकाण थोडे मागे सरकते. किती मागे? काचेच्या जाडीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतके. म्हणजे 3 मिलिमीटरच्या काचेमुळे 1 मिलिमीटर! आम्हांला 55 नव्हे, 56 मिलिमीटर हवे होते.

एवढी पातळ कडी आयती कोठे मिळणार? पण 1910 साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्याला लोखंडाशी बोलण्याची सवय आहे. मिरजेत माझा एक जुना विद्यार्थी लेथ चालवतो. शाळेत असताना त्याच्या निबंधांत ऱ्हस्वदीर्घाचा नुसता गोंधळ असे. लेथवर मात्र त्याच्या हाताला काना-मात्रेचीही चूक खपत नाही. त्याने विचारले, "सर, दहावा हिस्सा इकडेतिकडे झाला तर चालेल?" मी म्हणालो, "चालेल. पण न झाला तर बरे." तो हसला. अ‍ॅल्युमिनियमची एक कडी 1 मिलिमीटरची आणि एक अर्ध्या मिलिमीटरची, अशा दोन कड्या त्याने कातून दिल्या आणि व्हर्निअर कॅलिपर लावून दाखवल्या. तीत कोठे बालभरही फरक नव्हता.

त्याच्या कारखान्यातून निघून आम्ही सतारमेकरांच्या गल्लीत थोडे थांबलो. मिरजेत दीडशे वर्षांहून अधिक काळ सतारी आणि तानपुरे घडत आले आहेत. एक कारागीर तानपुऱ्याची जवारी लावीत होता. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो. तो धागा त्याने केसभर पुढे सरकवला, तार छेडली. पुन्हा केसभर मागे आणला. एका जागी येताच ती तार अशी काही झंकारली, की सारे दुकान भरून गेले. तार तीच, लाकूड तेच, भोपळा तोच. फरक पडला होता तो केवळ धाग्याच्या जागेचा. नातीने माझ्याकडे पाहिले. समजावून सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते.

त्या रात्री गच्चीवर आम्ही आधी अर्ध्या मिलिमीटरची कडी घातली. आरे आखूड झाले. मग ती काढून 1 मिलिमीटरची घातली. कोपऱ्यांतले तारे गोल झाले. दोन्ही कड्या एकदम घालून पाहिल्या, तेव्हा तेच तारे धावेसारखे वळू लागले. योग्य जागा अलीकडेही नव्हती आणि पलीकडेही नव्हती. आम्ही 56 वर थांबलो.

पण आकाश आमच्या हाती थोडेच होते! परतीचा पाऊस रेंगाळत होता आणि ढग निघाले तोवर कोजागिरीचे चांदणे पडले. कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी अंधार पडल्यावर चंद्र उगवेपर्यंत तासाभराचा काळोख मिळणार होता. शहराचे दिवे टाळण्यासाठी आम्ही साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार गाठायचे ठरवले आणि सव्वाशे किलोमीटरांच्या त्या वाटेवर दुपारीच निघालो.

कऱ्हाड ओलांडताना मी नातीला एक जुनी हकीकत सांगितली. नकाशावर विजयदुर्गापासून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरपर्यंत रेघ ओढली, तर ती कऱ्हाडाजवळूनच जाते. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली याच वाटेने धावली होती. विजयदुर्गावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर आले होते. जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल सातासमुद्रांपलीकडून आले होते. कॅम्बेल यांच्या कॅमेऱ्यात भिंग आणि छायाचित्राची काच यांच्यामधील अंतर होते 40 फूट! त्या भिंगाची रुंदी अवघी 5 इंच. पण एवढ्या अंतरामुळे सूर्याची प्रतिमा साडेचार इंचांची पडत असे. मोकळ्या माळावर त्यासाठी मनोरा उभारावा लागला. वाऱ्याने भिंग थरथरू नये, म्हणून भिंगाचा आधार आणि नळीचा आधार वेगवेगळे ठेवले होते. मुंबई इलाख्यात प्लेगचे थैमान चालू असताना ही माणसे कित्येक दिवस मोजत आणि तपासत राहिली. कशासाठी? सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी. त्या दोन मिनिटांत अंतर चुकले असते, तर ते सुधारण्यास दुसरी संधी नव्हती. कॅम्बेल आणि नायगमवाला दोघांनाही छायाचित्रे मिळाली. सूर्याभोवतीचा प्रभामंडल त्यांच्या काचांवर उमटला.

नात थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "आपल्याला तासभर आहे. त्यांच्यापेक्षा पुष्कळच!"

पठारावर पोहोचलो तेव्हा पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकू लागले होते. पश्चिमेचा उजेड ओसरताच भुजंगधारी तारकासमूहात तो पाहुणा दिसला. डोळ्यांना तो चुन्याच्या फिकट बोटासारखा भासत होता. दुर्बीण त्याच्यावर रोखून आम्ही छायाचित्रे घेत राहिलो. पूर्वेचे क्षितिज उजळले आणि चंद्र वर आला, तेव्हा नातीने शेवटचे छायाचित्र मोठे करून एकेक कोपरा तपासला. धूमकेतूची शेपटी चौकट ओलांडून गेली होती, आणि चारही कोपऱ्यांतले तारे सुईच्या टोकाने टोचावे तसे गोल होते.

धूमकेतू आता दूर निघून गेला आहे. आमच्या छायाचित्रापेक्षा सुंदर छायाचित्रे जगात हजारो असतील. तरीही आम्हांला ते प्रिय आहे. कारण त्यात एका मुलीचे नाणे आहे, एका कारागिराचा हात आहे आणि जवारीचा तो झंकार आहे. कोटी कोटी किलोमीटरांचा प्रवास करून आलेला प्रकाश आपल्या दाराशी येतो. अखेरचा एक मिलिमीटर तेवढा तो आपल्यावर सोपवतो. तो नीट मोजणे एवढेच आपले काम. पाहुणा इतक्या दुरून आला असता, तेवढ्यासाठी त्याला अंतर देऊ नये.