तापाची रात्र

घरातील लहान मूल तापाने फणफणले, की साऱ्या घराची झोप उडते. आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते, आई कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवते आणि वडील पुनःपुन्हा तापमापक पाहतात. सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : आताच दवाखाना गाठावा, की उजाडेपर्यंत वाट पाहावी?

या प्रश्नाचे उत्तर माणसे बहुधा तापाच्या आकड्यात शोधतात. परंतु ताप हा स्वतः रोग नव्हे. कार्ल वुंडरलिख या जर्मन वैद्याने हजारो रुग्णांचा ताप मोजून १८६८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हे रोगाचे लक्षण आहे, असे त्याने त्यात प्रतिपादिले. शरीर रोगजंतूंशी झुंजू लागले, की तापते. म्हणूनच १०३ अंश फॅरनहाइट ताप चढलेले एखादे मूल ताप थोडा उतरताच खेळणे मागते. आणि १०१ अंश तापातले दुसरे निपचित पडून राहते. अधिक काळजी या दुसऱ्याची करावयास हवी.

जाणते आईबाप म्हणून आकड्याइतकेच मुलाकडे पाहतात. ते हाकेला ओ देते काय? पाणी पिते काय, की प्यालेले सारे उलटून पडते? लघवी होते काय? श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात काय? झटके आले, मान ताठ झाली, किंवा मूल शुद्धीवर नसले, तर क्षणाचाही विलंब करू नये. तीन महिन्यांच्या आतील तान्ह्याला तर १००.४ अंश ताप आला, तरी तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. पुष्कळदा शेजारी निजलेल्या थोरल्या बहिणीलाच प्रथम जाणवते, की बाळ आज नेहमीसारखे नाही. तिचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. ते डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

पण कळूनही पाऊल अडते, ते संकोचामुळे. अपरात्री शेजाऱ्यांना उठवायचे, गाडीची सोय करायची, आणि काहीच निघाले नाही तर लोक हसतील, असे वाटते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. ती बोलावण्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नसते. डॉक्टर मुलाला तपासून म्हणाले, "भिण्यासारखे काही नाही, घरी न्या," तर ती फेरी व्यर्थ गेली असे कोणी मानू नये. हेच शब्द ऐकावयास मिळावेत, म्हणून तर आईबाप रात्री घराबाहेर पडतात.