हे कुणाकडे जायचं?

इमारत पुनर्विकासाला गेली की बिल्डर रहिवाशांच्या हातात दोन गोष्टी ठेवतो. एक म्हणजे भाड्याचे चेक, आणि दुसरी, घर रिकामं करून द्यायची तारीख. पुण्यात सहकारनगरला आत्याच्या सोसायटीत चेक सगळ्यांना आवडले, तारीख कुणालाच झेपेना. ऐंशीच्या दशकातली तीन मजली इमारत; प्रत्येक घरात स्वयंपाकघरावर आणि न्हाणीघरावर सिमेंटचा माळा. आत्याच्या माळ्यावर चढलेलं सामान इतक्या वर्षांत एकदाच खाली आलं होतं, घराला रंग काढला तेव्हा. पुसलं आणि पुन्हा वर गेलं. आता तिला धनकवडीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये जायचं होतं. तिथे माळा नव्हता.

आवरायला आम्ही तिघं होतो: आतेभाऊ, वहिनी आणि मी. पंचाहत्तरी उलटलेली आत्या मधोमध खुर्ची टाकून बसली होती आणि तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक चमचाही दाराबाहेर पडणार नव्हता.

वहिनीनं मारी कोंडोचं घर आवरण्यावरचं पुस्तक वाचलं होतं. ते इंग्रजीत २०१४ साली आलं, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि जगभरच्या लोकांनी कपड्यांच्या उभ्या घड्या घालायला सुरुवात केली. वस्तू हातात घ्यायची, तिनं मनाला आनंद होतो का ते पाहायचं. होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. (तिसऱ्या मुलानंतर आपलंही घर पूर्वीइतकं नीटनेटकं राहत नाही, असं खुद्द कोंडोबाईंनी २०२३ मध्ये सांगून टाकलं, ते मला त्यांच्या पुस्तकापेक्षा जास्त पटलं.) वहिनीनं पहिली वस्तू उचलली ती कुकरची रबरी रिंग.

"आई, ही हातात घेतल्यावर आनंद होतो का तुम्हाला?"

"आनंद कसला? रिंग आहे ती. आत्ताची सैल झाली की लागेल."

आत्याच्या घरातलं निम्मं सामान या एका उत्तरात बसत होतं. श्रीखंडाचे डबे, कॉफीच्या बाटल्या, दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या, सुतळी, कुकरच्या शिट्ट्या, मिक्सरच्या कपलिंगचा जुना जोड. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आत्यानं घरातल्या होत्या तेवढ्या सगळ्या पिशव्या आणखी जपून ठेवल्या, आता मिळणार नाहीत म्हणून! आनंदाशी यांतल्या कशाचाच संबंध नव्हता. 'लागेल कधीतरी' हा एक प्रकारचा विमा असतो, आणि आत्याकडे तो उतरवायला सबळ कारण होतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती शाळकरी पोर होती. नदीजवळच्या पेठेत भाड्याच्या दोन खोल्या. पाणी चढताना माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. परत आली तेव्हा खोल्यांत गाळ होता आणि सामान नव्हतं. खडकवासल्याचा बांधही गेल्यामुळे नळाला पाणी येईना; शहर आड, हौद आणि टँकरवर आलं. आजीनं नवा संसार मांडला तो लोकांनी दिलेल्या भांड्यांवर. त्या घरात वाढलेल्या मुलीनं पुढे डबे साठवले तर त्याला अडगळ म्हणणं सोपं, पण ते तिच्यासमोर म्हणून काही उपयोग नाही. तिला 'टाकून दे' म्हटलं की हात आखडायचा. आतेभावानं मात्र सहज विचारलं, "हे कुणाकडे जायचं?" तेव्हा ती विचार करू लागली.

त्या प्रश्नानंतर कामाला वेग आला. ठेवायचं की टाकायचं असे दोनच ढीग असतात तोवर प्रत्येक वस्तूवर वाद होतो, कारण टाकणं म्हणजे आत्याच्या लेखी नासाडी. वस्तूचा पुढचा मालक दिसू लागला की तीच वस्तू ती स्वतः पुसून, कागदात गुंडाळून द्यायची.

सुरुवात भांड्यांपासून केली. स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरायची आपली रीत आवराआवरीतला मोठा अडथळा आहे. 'चि. सौ. कां.' पासून सुरू होऊन मामा-मामींच्या 'सप्रेम भेटी'ला संपणारी, तारखेसकट कोरलेली ओळ ज्या परातीवर असते ती परात भंगारात कशी घालायची? देणारे मामा जाऊन पंचवीस वर्षं झालेली. आम्ही एक युक्ती केली. प्रत्येक कोरीव नावाचा मोबाइलवर फोटो काढला, कुणी कधी का दिलं ते आत्याला विचारून रेकॉर्ड केलं आणि मगच भांडं बाजूला ठेवलं. बऱ्याचदा ते सांगून झालं की तिचं भांड्यातलं लक्षच संपायचं. ताटं-वाट्या-पेले शेजारच्या महिला मंडळानं नेले. ते हळदीकुंकवाला आणि बारशाला थर्मोकोलच्या ताटल्या येऊ नयेत म्हणून असा संच जमवतच होतं.

तांब्या-पितळेचं गणित वेगळं. हंडा, घंगाळं, दोन पिंपं आणि कल्हई उडालेली पातेली. मोडवाला वजनावर भाव सांगतो, आणि त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आत्याला तो चोर वाटला. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघा संशोधकांचे मगांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत; निष्कर्ष १९९० मध्ये छापून आले. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग देऊन टाकले आणि विकायला सांगितले, तर मग मिळालेल्यांनी मागितलेली किंमत न मिळालेल्यांच्या तयारीच्या साधारण दुप्पट निघाली. हातात येऊन थोडाच वेळ झालेल्या मगाची ही गत, तर पन्नास वर्षं अंघोळीचं पाणी दिलेल्या घंगाळाचं काय! आतेभावानं मोडवाल्याशी घासाघीस सोडून दिली आणि दोन दुकानांतले भाव आणून आत्यासमोर ठेवले. भाव जवळपास सारखेच निघाले, तेव्हा चोरीचा आरोप मागे घेण्यात आला.

तिनं वाद मात्र चांगला घातला. "दिनकर केळकरांनी असाच विचार केला असता तर?" बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय हे लोकांच्या घरातून निघालेल्या दिव्यांचं, अडकित्त्यांचं, करंड्यांचं आणि दरवाजांचं घर आहे. अकाली गेलेल्या मुलाचं नाव देऊन त्यांनी ते उभं केलं आणि पुढे राज्य सरकारकडे सोपवलं. मुद्दा बिनतोड होता. पण केळकर निवडून घेत होते; घडणीत कारागिराचा हात दिसेल अशी वस्तू त्यांच्या नजरेत भरायची. मग आत्यानंही निवडलं: मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता राहिला, साधी पिंपं गेली.

एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम मात्र कुणालाही द्यायला ती तयार झाली नाही. पाण्याचा. वहिनीनं दोनदा विषय काढला आणि दोनदा सोडला. पानशेतनंतर बादल्या घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाशी पाण्याच्या ड्रमवरून वाद घालू नये. शिवाय धनकवडीतही एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतंच.

कपड्यांत माझा अंदाज होता की साड्या अडतील. त्या सहज गेल्या. जुन्या सुती नऊवारी आणि धुऊन मऊ पडलेली पातळं गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडे गेली. घडीत विरलेल्या जरीच्या साड्या जुनी जर घेणाऱ्याकडे. बोहारीण आता क्वचितच दारावर येते, आणि आली तरी पँट आणि धडक्या साड्या बघते. धुतलेले, इस्त्री नसली तरी चालणारे, पण फाटके नसलेले कपडे 'गूंज'सारख्या संस्था घेतात. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत सुती कापडाचे सॅनिटरी पॅडही बनतात, हे कळल्यावर आत्यानं जुन्या सुती चादरी स्वतः धुऊन दिल्या. अडली ती काकांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, दोन स्वेटरं. त्यांना कुणी हात लावला नाही.

कागदांना घाई चालत नाही. 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू झालं, आणि आत्यानं लग्नानंतर घेतलेलं एकही टाकलेलं नव्हतं, कारण पानांवर दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा होत्या. दिवाळी अंकांची चळत कमरेएवढी. कुठलंसं ग्रंथालय ती आनंदानं नेईल हा आमचा समज फोन केल्याबरोबर गेला. ग्रंथालयांकडे तेच अंक बांधीव स्वरूपात असतात, जागेची त्यांनाही टंचाई, ती आधी यादी मागतात. यादी केली, थोडे गेले, बाकीचे रद्दीत. मोडी लिपीतली पणजोबांची काही पत्रं निघाली ती मात्र वेगळी ठेवली. पुण्यात त्यासाठी भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं. देण्याआधी तिथे विचारून, वाचून घेऊन ठरवायचं.

रद्दीच्या पोत्यात काय जात नाही ते बघायला वहिनी बसली आणि तिनं घर वाचवलं म्हणायला हरकत नाही. एमएसईबीच्या वीजबिलांच्या पिशवीत (ते मंडळ २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत विभागलं गेलं, बिलं मात्र शाबूत) फ्लॅटचा मूळ करारनामा, इंडेक्स टू आणि सोसायटीचं भाग प्रमाणपत्र होतं. पुनर्विकासासाठी बिल्डरचे वकील मागत होते तेच कागद. त्याच पिशवीत काकांचं एक विसरलेलं पासबुक. दहा वर्षं हात न लागलेल्या खात्यातले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वळवते. ते बुडत नाहीत, वारसाला बँकेकडून मागता येतात. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं, त्यावर नाव टाकून अशा ठेवी शोधता येतात. काही कागदी शेअर सर्टिफिकेटंही निघाली. असे शेअर एप्रिल २०१९ पासून डीमॅट केल्याशिवाय विकता येत नाहीत, आणि सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर शेअरच सरकारी निधीकडे जातात. तिथूनही ते परत मागता येतात, फक्त अर्ज भरणाऱ्याकडे चिकाटी हवी. ते काम आतेभावाच्या अंगावर पडलं आहे.

आधारच्या झेरॉक्स, बँकेची स्टेटमेंट, औषधांच्या चिठ्ठ्या हे रद्दीत दिलं नाही. बादलीत भिजवून लगदा केला. भेळेच्या पुडीवर स्वतःचा खाते क्रमांक वाचायची हौस कुणाला असते?

मग आला तो ढीग ज्याला माणूसच नाही. मेलेले मोबाइल, चार्जर, सेल, जळालेल्या ट्यूबलाइट. ट्यूबमध्ये पारा असतो, ती फोडून कचऱ्यात टाकायची नसते. बॅटऱ्याही ओल्या-सुक्यात मिसळायच्या नसतात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 'व्ही-कलेक्ट' उपक्रमात असं सामान आणि जुन्या गाद्या, फर्निचरही गोळा करते. त्यांच्याकडे ते पोचवलं. ऑडिओ कॅसेट, गॅदरिंगच्या ढाली, लग्नाच्या व्हिडिओची व्हीएचएस टेप यांचं पुढे काय करावं हे मात्र कुणालाच सुचलं नाही. टेप एका स्टुडिओत डिजिटल करायला दिली. ढाली अजून आतेभावाच्या गाडीच्या डिकीत आहेत.

धनकवडीच्या घरात मांडणी आत्यानं सांगितली तशी झाली, आणि ती आम्हा तिघांपेक्षा शहाणी निघाली. रोजचं सगळं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत. स्टुलावर चढावं लागेल असं काहीही नाही, कारण तिच्या वयाला पडणं परवडत नाही. डाळी-पिठांना चौकोनी डबे, ते गोल डब्यांपेक्षा त्याच फळीवर जास्त मावतात. प्रत्येक डब्याच्या झाकणाला नाही, अंगाला चिठ्ठी, कारण झाकणं बदलतात. कागदांची एकच फाइल, तीही दारामागच्या खिळ्याला पिशवीत. पुन्हा निघायची वेळ आली तर पहिली तीच उचलायची.

नव्या इमारतीचा नकाशा दाखवायला आर्किटेक्ट सोसायटीच्या सभेला आले होते. चकचकीत चित्रात मोठी खिडकी, ओटा, ड्राय बाल्कनी, सगळं होतं. आत्यानं उभं राहून विचारलं, माळा कुठे आहे? आर्किटेक्टनी फॉल्स सीलिंगबद्दल सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि न्हाणीघरावर माळा नाही तर निदान स्वयंपाकघराला लागून दोन फुटांची कोठी द्या, दार असलेली, असं लेखी दिलं. तिच्यामागोमाग मजल्यावरच्या आणखी तिघींनी सही केली. सुधारित नकाशा पुढच्या सभेत येणार आहे.