आरशात न दिसणारी सायकल

नववीला 'प्रकाशाचे परावर्तन' शिकवताना बहिर्वक्र आरशाचा उपयोग विचारला, की वर्गातून एका सुरात उत्तर येतं, "गाडीचा साइड मिरर!" उत्तर बरोबर असतं, गुणही मिळतात. पण तो आरसा बहिर्वक्रच का, आणि त्यात काय दिसत नाही, हे मुलांना क्वचितच स्वतः करून पाहायला मिळतं. आमच्या घरी ही संधी आपोआप चालून आली.

आपलं छत्रपती संभाजीनगर दरवाजांचं शहर. मकाई दरवाजासारख्या अरुंद कमानीतून जाताना कारवाले आरसे जपतात. आमचा आरसा मात्र घरासमोरच गेला. सिडकोतल्या गल्लीत रात्री उभ्या असलेल्या कारला कुणीतरी घासून गेलं. सकाळी डावा मिरर मोडून लोंबकळत होता, काच तडकलेली. नुसती काच फुटली असती तर काचच बदलता आली असती, पण इथे अख्खा मिररच नवा लागणार होता. मोंढा नाक्याकडे स्पेअर पार्टच्या दुकानात आमच्या मॉडेलचा, डाव्या बाजूचा, आतून कांडीने हलवायचा साधा मिरर मिळाला. लेक नववीत आहे. तिला म्हटलं, "चल, आपणच बसवू. पाना तू धर."

आधी तडकलेल्या काचेवर रुंद चिकटपट्टी लावली, म्हणजे तुकडे सांडत नाहीत. हातात जाड मोजे घातले. दाराच्या आतल्या कोपऱ्यात, कांडीपाशी, एक त्रिकोणी प्लास्टिकचं कव्हर असतं. कांडीवरची टोपी ओढून काढली आणि कव्हर हलक्या हाताने उचकटलं. ते क्लिपांवर बसलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळलं, तर रंगावर ओरखडे येत नाहीत. आत तीन नट दिसले. खालच्या फटीत फडकं कोंबलं, नाहीतर नट दाराच्या पोटात पडला की तो शोधत बसा! शेवटचा नट सुटताना बाहेरून मिरर धरायला दुसरा माणूस लागतोच. नवा बसवताना तिन्ही नट आधी हाताने फिरवले, मग पान्याने थोडे थोडे आळीपाळीने आवळले. विजेवर हलणारा मिरर असेल तर वायरचा जोडही काढून पुन्हा लावावा लागतो. आमचं काम अर्ध्या तासात झालं.

मग तिचा प्रश्न आला, "आई, सपाट आरसा का नाही लावत? त्यात सगळं खरं तेवढंच दिसेल ना!"

घरातला छोटा सपाट आरसा मिररशेजारी धरला. सपाट आरशात मागची एकच कार दिसत होती. मिररमध्ये ती कार, फाटक, कडुनिंब आणि अर्धी गल्ली! जास्त जागा दाखवायची तर प्रतिमा लहान करावीच लागते. हाच तो सौदा.

तो सौदा केवढ्याला पडतो, हे वहीवर काढलं. आरशाची वक्रता त्रिज्या १२० सेंमी धरली, म्हणजे नाभीय अंतर ६० सेंमी. मागे १० मीटरवर दीड मीटर उंचीचा सायकलस्वार. त्याची प्रतिमा आरशामागे सुमारे ५७ सेंमीवर, उंची जेमतेम साडेआठ सेंमी. चालकाचा डोळा डाव्या आरशापासून १.२ मीटरवर धरला, तर हा सायकलस्वार सपाट आरशात ३० मीटरवरचा दिसावा तेवढाच दिसतो! म्हणूनच पुष्कळ गाड्यांच्या आरशावर लिहिलेलं असतं, की वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत.

खरा धडा पुढेच होता. मी चालकाच्या जागेवर बसले. ती सायकल हातात धरून मागून डावीकडून हळूहळू पुढे आली. दिसतेय, दिसतेय... आणि मागच्या दारापाशी आरशातून गायब! कारपासून चार पावलांवर उभी राहून ती विचारत होती, "आता दिसते का?" आवाज येत होता, लेक दिसत नव्हती. मग आम्ही जागा बदलल्या. मी सायकल धरून तिथेच उभी राहिले आणि आत बसलेली ती एकदम गप्प झाली. क्लासला जाताना ती जालना रोडवर रोज गाड्यांच्या याच बाजूने सायकल चालवते.

"म्हणजे मला आरसा दिसतोय, म्हणून आतल्याला मी दिसतेय असं नसतं," ती म्हणाली. रस्त्याचे नियम मी तिला कितीदा सांगितले असतील. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं.

शिक्षक मित्रांनो, नंतर हाच प्रयोग शाळेच्या मैदानावर केला. तुम्हीही करून पाहा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली शिक्षकाच्या खिशात. चालकाच्या जागी एक विद्यार्थी मान न वळवता तिन्ही आरसे बघेल, बाकीचे गाडीभोवती फिरतील. जो दिसेनासा होईल, त्याच्या पायाशी खडूची खूण करायची. खुणा जोडल्या की न दिसणारी जागा जमिनीवर उमटते. मग चालकाला मान वळवून बघू द्या आणि त्यातल्या किती खुणा पुसता येतात ते मोजा. पालकांनीही सुटीच्या दिवशी घरासमोर हे जरूर करावं. सायकल चालवणारं मूल घरात असेल, तर आधी त्यालाच चालकाच्या जागेवर बसवा.